मृगाच्या आधी घरी या

नाशिक,
शनिवार, ३० मे २०२६

तीर्थरूप आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोन रोज होतो, पण गोळ्या घेतल्या का, गुडघा किती वाकतो, कूलरमध्ये पाणी भरलं का, यातच वेळ जातो आणि जे बोलायचं ते राहून जातं. म्हणून आज लिहायला बसले. सकाळचे सहा वाजलेत. मी मागच्या पायरीवर आहे, आई, तुझ्या जागेवर. टाकीच्या कडेवर दयाळ गातोय. साडेचारलाच सुरू होतो, अजून उजाडायचं असतं तेव्हा.

तिकडे नागपूरला नवतपा चालू आहे. पारा पंचेचाळीसच्या खाली यायला तयार नाही म्हणून दादा सांगत होता. इथेही दुपार सोसवत नाही, रस्त्यावर चिटपाखरू नसतं. पण चार वाजले की पश्चिमेचा वारा सुटतो, आणि पहाटे गच्चीवर पातळ चादर अंगावर ओढावीच लागते. नाशिकच्या उन्हाळ्याचा हा दिलासा इतकी वर्षं मी गृहीत धरला होता. या वर्षी तुम्ही इथे नाही म्हणून तो रोज जाणवतो.

मंगळवारी वळीव झाला. आडगावच्या बाजूने आभाळ भरून आलं. आधी धुळीचा लोट, खिडक्या लावेपर्यंत घरभर माती, मग टपोरे थेंब. वीस मिनिटं काय ती. गारा नव्हत्या. निफाडहून मामाचा फोन आला, त्याचा कांदा आधीच चाळीत पडला होता, वाचला. मी मात्र पाऊस थांबल्यावर अंगणात अनवाणी फिरले. तू लहानपणी आम्हाला ओरडायचीस, पहिल्या पावसाचं पाणी बाधतं म्हणून. तरी फिरले.

आता खरी बातमी. जिन्याखाली ती काळी, कड फुटलेली कुंडी आहे ना? ती मी रिकामी समजत होते. नुसती माती, वर कोरडी खपली धरलेली. पुदिना लावावा म्हणून गुरुवारी खुरपं घेऊन बसले, तर मातीला एक बारीक भेग गेलेली आणि भेगेतून बोटाच्या पेरापेक्षा लहान, हिरवट-तांबूस टोक वर आलेलं. खुरपं तिथेच ठेवलं. काल संध्याकाळपर्यंत वीतभर दांडा झाला आणि आज त्याच्या टोकाची कळी फुटायला लागली आहे. आतून लाल तंतूच तंतू दाटीने बाहेर येतायत, प्रत्येकाच्या टोकाला पिवळा कण. पान एकही नाही. मे फ्लॉवर! वर्षभर कंद मातीत गप्प पडून राहतो आणि वळवाचं पाणी लागलं की आधी फूल काढतो, पानं मागून. माझ्या हातून तो कंद खुरप्याने चिरला गेला असता तर मला ते कळलंही नसतं. आई, त्या कुंडीला तू कधी हात लावू दिला नाहीस, आणि का ते कधी सांगितलंही नाहीस.

त्या संध्याकाळी घरपट्टीची पावती शोधताना कपाटात बाबांची वही सापडली. बाबा, रागवू नका, मी वाचली. मला वाटायचं तुम्ही तीत दुधाचा हिशोब लिहिता. १९९४ पासूनच्या नोंदी आहेत, एकेक ओळीच्या. ‘मे फ्लॉवर, २४ मे.’ ‘कोकिळेचं पिल्लू कावळीकडून घास घेताना पाहिलं.’ ‘बहावा फुलला, आता दीड महिन्यात पाऊस.’ एप्रिल २०१६ च्या पानावर एवढंच: ‘रामकुंड कोरडं. हिच्या डोळ्यांत पाणी.’ आणि गेल्या वर्षी, २०२५ ला: ‘मान्सून २४ मेलाच केरळात, आठ दिवस आधी. इथेही मेभर पाऊस. मोगरा सडला.’ २०२० च्या जानेवारीत नांदूरमध्यमेश्वरला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला, राज्यातला पहिला, त्या बातमीचं कात्रण चिकटवलंय आणि खाली लिहिलंय, ‘चिमणीला स्कूटरवरून नेलं होतं ते आठवलं.’ ही चिमणी म्हणजे मी. थंडीत मुठी तुमच्या कोटाच्या खिशात घालून बसायचे, तेही आठवलं. पुढे काही वाचवलं नाही, वही मिटून ठेवली.

यंदाच्या पानावर एकही नोंद नाही, म्हणून मी लिहायला घेतलं आहे. पेन्सिलीने लिहिते. तुम्हाला हवं तर खोडता येईल.

पहिली नोंद २० मेची. दरवर्षी त्या सुमाराला तुम्ही शाळेतल्या मुलांना अंगणात जमवायचात आणि साडेबाराला सावली नाहीशी झालेली दाखवायचात. नाशिक विसाव्या अक्षांशावर, त्यामुळे सूर्य त्या दिवशी बरोबर डोक्यावर येतो, आणि परत २३ जुलैच्या सुमाराला येतो, पण तेव्हा ढगांमुळे दिसत नाही, हे तुमचं वाक्य मला पाठ आहे. या वेळी मी आणि तुमची नात दोघीच होतो. खलातला पितळी बत्ता तुळशीपुढच्या फरशीवर उभा केला. बारा एकतीसला सावली आत आत सरकत त्याच्या बुडाखाली गेली. पोरगी पालथी पडून बघत होती. म्हणाली, “आजोबांना फोन लाव.” तुम्ही तेव्हा झोपला होतात.

पाखरांचं सांगते. आईच्या दोन्ही परळांत पाणी सकाळ-दुपार भरते. आपल्याकडे नळाला सध्या एकच वेळ पाणी, तरी त्यांचं आधी. पहिल्या येतात साळुंक्या, भांडत. मग बुलबुलांची जोडी, ती पाणी पिऊन थेट कढीपत्त्यावर जाते, कारण त्याची फळं आता काळी पडायला लागली आहेत. कावळा कुठून तरी वाळकी पोळी आणतो, परळात भिजवतो आणि मग खातो. भारद्वाज काल दोनदा दिसला, कुंपणाच्या मेंदीत. दर्शन झालं की दिवस चांगला जातो असं तू म्हणतेस, म्हणून दोन्ही वेळा तुझ्या नावाने हात जोडले. पावशा अजून ऐकला नाही. सोमेश्वरच्या बाजूने एका रात्री ‘पेरते व्हा’ आल्यासारखं वाटलं, पण खात्री नाही, म्हणून वहीत लिहिलं नाही.

आणि शिंजीर. पोर्चमधल्या दिव्याची जी वायर लोंबते, तिला घरटं लागलंय. मादी एकटीच बांधत होती. नर नुसता जास्वंदीवर बसून ओरडायचा, उन्हात निळा-काळा चमकायचा. मी खिडकीच्या आडून तास-तास बघितलं. ती पोर्चच्या कोपऱ्यात यायची, कोळ्याचं जाळं चोचीत धरून मागे उडत ओढायची, आणि त्या धाग्याने वाळकं पान, सालीचा तुकडा, कापसाचा पुंजका असं सगळं एकाला एक डकवायची. आठ-दहा दिवसांत लांबट बटवा तयार. बाजूला दार आणि दारावर पाऊस आत येऊ नये म्हणून छोटी पागोळी. बाबा, उन्हाळ्यात पोर्चमधली जळमटं काढू नका असं तुम्ही आईला सांगायचात आणि तुमचा दर वर्षी वाद व्हायचा, तो कशासाठी ते मला आता, चाळिशी ओलांडल्यावर कळलं. आई, तूही शेवटी काढायची नाहीसच.

सतरा तारखेपासून ती बसून आहे. दारातून फक्त वाकडी चोच दिसते. अंडी साधारण पंधरा दिवसांत फुटतात. पोर्चचा दिवा आम्ही लावत नाही, आणि कपड्यांची दोरी मागे नेली आहे.

मोगऱ्याचं विचारलं होतंस. भरभरून आहे. तांदळाचं धुवण त्यालाच घालते. संध्याकाळी कळ्या काढून तांब्याच्या तसराळ्यात पाण्यात ठेवल्या की रात्री नऊला माजघर भरून जातं. अनंताला कळ्या धरल्यात, अजून घट्ट, हिरव्या, पिळ घातलेल्या. पाण्याचा खाडा झाला की तो कळ्या गाळतो, म्हणून गावाला जायचं टाळलं. सोनचाफा रोज तीन-चार फुलं देतो, पैकी एक तुझ्या देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला.

आता जे लिहायला बसले ते लिहिते.

होळीच्या सुमाराला दादाने घर विकायचं काढलं, तेव्हा मी फोनवर म्हणाले होते, त्याचं बरोबर आहे. तुम्ही दोघं गप्प झालात. ते शब्द मी परत घेते. तेव्हा मी इंदिरानगरच्या फ्लॅटमधून आठवड्यातून दोनदा येऊन झाडांना पाणी घालून जात होते आणि मला हे घर म्हणजे गळणारी गच्ची, जुनी पाइपलाइन आणि एक मोठा खर्च एवढंच दिसत होतं. एप्रिलपासून इथे राहतेय. शेजारचा बंगला पाडला ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. त्यांचा आंबा कटरने दुपारी तीन तासांत गेला. दुसऱ्या दिवशी त्या आंब्यावरचा कोकीळ आपल्या चाफ्यावर येऊन बसला. तीन दिवस ओरडत होता. मी स्वयंपाकघरात रडले आणि कोणाला सांगितलं नाही.

दादावर रागावू नका. त्याला तुमची काळजी आहे आणि ती खरी आहे. बाबा पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवरून एकदा घसरले, ते त्याच्या मनातून जात नाही. माझ्याही जात नाही. म्हणून मागच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडा बसवून घेतला आहे. न्हाणीघरात धरायला दांडा लावला, कमोड बदलला. आईला जिना चढायला लागू नये म्हणून तुमची खोली खाली, अंगणाकडच्या खिडकीच्या बाजूला केली आहे. पलंगावरून अनंत दिसतो. आणि आम्ही तिघं वरच्या मजल्यावर राहायला येतोय. कायमचे. हे तयार आहेत, माझ्या आधी तयार होते. पोरीच्या शाळेची बस आपल्या कोपऱ्यावर थांबते, ते बघून आले. दादाला कालच सगळं सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, “आईला विचार.”

म्हणून विचारते आहे, आई. बाबांना नाही, तुलाच. कारण बाबा तुझ्याकडे बघून हो म्हणतात.

अधिक महिना लागल्यापासून तू तीनदा विचारलंस, जावयाचं वाण कसं पोचवायचं. तेहतीस अनारसे कुरियरने पाठवू नकोस, मोडतील. अधिक १५ जूनला संपतो, त्याच्या आत इथे येऊन तुझ्या हाताने दे. अनारशाचं पीठ मी भिजवून ठेवते. जाळी पडेल याची खात्री देत नाही, तेवढं तू आल्यावर बघ. डॉक्टरांनी सहा जूनपासून प्रवासाला हरकत नाही असं सांगितलं आहे, मी वहिनीकडून विचारून घेतलं. सेवाग्राम एक्स्प्रेसची तिकिटं काढते, दोन्ही बर्थ खालचे. दादा सोडायला येतो म्हणाला आहे, त्याचंही काढते. मृग आठ तारखेला लागतो. आदल्या दिवशी तुम्ही नाशिकरोडला उतराल, स्टेशनवर आम्ही तिघं असू, व्हीलचेअर सांगून ठेवली आहे. शिंजिराची पिल्लं तेव्हा बहुतेक घरट्यातच असतील.

बाबा, येताना तुमचा तो जाड भिंगांचा वाचायचा चष्मा विसरू नका, वहीतल्या माझ्या नोंदी तपासायच्या आहेत.

ऊन आता पायरीपर्यंत आलं. परळं भरायची आहेत.

तुमची लेक