तोंड धुतल्यावर चेहरा ओढल्यासारखा होतो, त्याबद्दल

कोथरूड, पुणे
१४ डिसेंबर

प्रिय निखिल,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. रत्नागिरी सोडून इथे पुण्यात वाघोलीला आल्यापासून गाल रखरखीत झालेत, ओठांच्या कडेला सालपटं निघतात, दाढी केली की आग होते, असं लिहिलंयस आणि कुठलं क्रीम लावू म्हणून विचारलंयस. क्रीमचं सांगतोच, पण त्याआधी तू तोंड कसं धुतोस ते बदलायला हवं. दिवसातून चार वेळा फेसवॉश, तोही दाणेदार, आणि वर गिझरचं कढत पाणी. यातून रोज जे निघून जातं ते कुठलंच क्रीम पुरतं भरून देऊ शकत नाही.

धुतल्यावर चेहरा ताणला गेला, बोट फिरवलं की कचकच लागलं, म्हणजे स्वच्छ झाला असं तुला वाटतं. बहुतेकांना तसंच वाटतं, आणि सगळा घोटाळा तिथेच आहे. त्वचेचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा असतो, केसाच्या जाडीहूनही पातळ. त्या पेशींच्या मधे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि स्निग्ध आम्लं भरलेली असतात. भिंतीत विटांच्या मधे सिमेंट असतं तसंच. आतलं पाणी बाहेर उडून जाऊ न देणं हे त्या स्निग्ध थराचं काम. चेहरा ताणला जातो तेव्हा मळाबरोबर हेही धुऊन निघालेलं असतं. म्हणून एक साधी परीक्षा कर: तोंड धुऊन टिपून घे आणि दहा मिनिटं काही लावू नकोस. हसताना, जांभई देताना गाल ओढल्यासारखे झाले, तर वापरतोयस ते जास्त कडक आहे.

साबण चेहऱ्याला नकोच. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, पीएच साधारण ४.५ ते ५.५ (पीएच ७ च्या खाली म्हणजे आम्लधर्मी, वर म्हणजे अल्कधर्मी). नेहमीच्या अंगाच्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो. त्याने धुतलं की त्वचेचा पीएच वर जातो आणि पूर्ववत व्हायला काही तास जातात. तेवढ्यात तू पुन्हा धुतोस. वेष्टनावरचा टीएफएमचा, म्हणजे साबणातल्या एकूण स्निग्ध पदार्थाचा, आकडा मोठा असला की साबण सौम्य, असा एक समज आहे. ७६ टक्के टीएफएमचा पहिल्या प्रतीचा साबण हलक्या साबणापेक्षा बरा असतो, पण तोही अल्कधर्मीच. ग्लिसरीनच्या पारदर्शक वड्यांचंही तेच.

मग फेसवॉश कुठला? 'मेन', 'चारकोल', 'ऑइल कंट्रोल' हे पुढचे शब्द सोड आणि बाटली मागून वाच. घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणून पहिली पाच-सहा नावं महत्त्वाची. त्यात सोडियम लॉरिल सल्फेट असेल तर तुझ्या आताच्या त्वचेला ते नको. सोडियम पाल्मेट किंवा पोटॅशियम मिरिस्टेट दिसलं, तर बाटलीत भरलेला साबणच समज. सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट, डेसिल ग्लुकोसाइड, कोकामिडोप्रोपिल बिटेन ही त्या मानाने सौम्य मंडळी. सोबत ग्लिसरीन वरच्या नावांत असलं की चांगलं. सुगंध नसलेलं घे. फेस कमी येईल आणि सुरुवातीला काही धुतल्यासारखंच वाटणार नाही. फेसाचा आणि स्वच्छतेचा संबंध नाही, एवढं मनाशी पक्कं धर.

आता पाणी. हे मी जरा लांबवणार आहे, कारण वाघोलीत खरी मेख इथे असू शकते. तुमच्या सोसायटीत टँकर येतो म्हणालास. टँकरचं पाणी बहुधा बोअरचं, म्हणजे जड. नळाच्या तोंडाशी, बादलीच्या काठाला पांढरं किटण धरत असेल तर शंकाच नको. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारी साय तयार करतं, ती चेहऱ्यावर चिकटून राहते आणि टोचते. तपासायचं असेल तर दोन रिकाम्या बाटल्या घे. एकीत नळाचं आणि एकीत आरओचं पाणी अर्धं भर, दोन्हींत साध्या अंगाच्या साबणाचा नखाएवढा कीस टाकून खळखळव. आरओच्या बाटलीत फेस टिकेल. जड पाण्यात फेस बसेल आणि पाणी दुधाळ होईल. फेसवॉश टाकून ही परीक्षा करू नकोस, तो बहुधा जड पाण्यातही फेसाळतो. पाणी जड निघालं तर सगळं तोंड आरओच्या पाण्याने धुवायची गरज नाही, शेवटचा एक तांब्या तेवढा त्याचा घे.

पाणी कोमट हवं. मनगटाच्या आतल्या बाजूला ओतलं तर गरमही नाही आणि गारही नाही असं. कढत पाण्याने त्वचेतली स्निग्धता जास्त निघते आणि चेहरा लाल होतो. थंडीत लोक शॉवरखाली तोंड वर करून उभे राहतात, ते तर अजिबात करू नकोस.

धुण्याची रीत अशी. आधी हात साबणाने धू, नाहीतर गाडीच्या हँडलचा मळ चेहऱ्यावर जातो. चेहऱ्यावर कोमट पाण्याचे तीन-चार हबके मार. कोरड्या चेहऱ्यावर फेसवॉश कधीच नको. वाटाण्याएवढा फेसवॉश ओल्या तळव्यांवर पसरून घे. आधी कपाळ, नाक, हनुवटी, कारण तेल तिथे जास्त, गाल शेवटी. बोटांच्या पेरांनी, डोळ्यांवरून झोपेत हात फिरवावा इतक्या हलक्या दाबाने, वीस-तीस सेकंद. त्याहून जास्त वेळ ठेवून काही मिळत नाही. मग आठ-दहा ओंजळी पाणी. केसांची कड, कानांसमोरची जागा, जबड्याखाली आणि नाकपुड्यांच्या खाचा इथे फेसवॉश हमखास राहतो, आणि सालपटं तिथेच निघतात. नंतर मऊ सुती पंच्याने टिप, पुसू नकोस. अंगाचा खरखरीत टॉवेल चेहऱ्याला लावू नकोस, आणि पंचा दोन-तीन दिवसांनी धुवायला टाक.

चेहरा थोडा दमट असतानाच, मिनिट-दोन मिनिटांत क्रीम लाव. दमट चेहरा तसाच वाळू दिला तर धुण्याआधीपेक्षा जास्त कोरडा होतो. शेंगदाण्याएवढं क्रीम पुरतं. ग्लिसरीन, सेरामाइड, पेट्रोलॅटम (पेट्रोलियम जेली) यांतलं काही असलेलं, बिनसुगंधी. महागच हवं असं नाही.

किती वेळा? तुला दोनदाच, आणि त्यातही फेसवॉश फक्त संध्याकाळी, खराडीच्या ऑफिसातून परत आल्यावर. सकाळी नुसतं पाणी. रात्री झोपेत तोंडाला तेल सुटलेलं असलं तरी तो मळ नव्हे. दुपारी ऑफिसात घाम आला तर ओल्या रुमालाने टिप. रस्त्यावर तोंडाला बांधतोस तो रुमाल मात्र रोज बदल. कालची धूळ आणि घाम आज पुन्हा गालावर घासला जातो. हेल्मेटच्या आतलं अस्तर निघत असेल तर आठवड्याला धू आणि साबण पुरता जाईपर्यंत खळबळ.

दाढी धुण्यानंतर कर, केस मऊ झाल्यावर, केसांच्या दिशेने. तुरटी फिरवणं सध्या बंद. ती त्वचा आकसते, आणि आधीच फाटलेल्या जागी आग होणारच. अल्कोहोलवालं आफ्टरशेव्हही नको.

काकूंनी डाळीचं पीठ आणि लिंबू सुचवलंय म्हणालास. काकूंचा मान राखून सांगतो, लिंबू चेहऱ्यावर नको. त्याचा पीएच २ च्या आसपास असतो, शिवाय रस लावून उन्हात गेलास तर त्वचा भाजून काळे डाग पडू शकतात, आणि ते जायला कित्येक आठवडे लागतात. खाण्याचा सोडा उलट अल्कधर्मी, तोही नको. डाळीचं पीठ हवंच असेल तर बारीक चाळून सायीत कालव, लाव आणि मिनिटभरात न घासता धू. वाळून तडे पडेपर्यंत ठेवायचं नाही. मुलतानी माती तेल शोषते, म्हणून तुला या थंडीत नकोच.

एक गोष्ट नीट बघ. सालपटं पिवळसर, तेलकट असतील आणि भुवयांत, नाकाच्या कडेला लाली असेल, तर ते नुसतं कोरडेपण नाही, डोक्यातल्या कोंड्याचाच तो प्रकार असू शकतो. त्यावर खोबरेल चोळलं तर ते वाढू शकतं. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञांना दाखव. मेडिकलवाल्याने दिलेली गोरं करणारी किंवा 'सगळ्यावर चालणारी' ट्यूब आणू नकोस. त्यांत अनेकदा स्टेरॉइड असतं. आठवडाभर छान वाटतं, पुढे त्वचा पातळ आणि लाल होते.

दाणेदार स्क्रब आणि मुरमांचं औषध दोन आठवडे बाजूला ठेव. औषध डॉक्टरांचं असेल तर आधी त्यांना विचार. बिघडलेला थर भरून यायला दोन ते चार आठवडे लागतात, त्यामुळे तीन दिवसांत उत्पादन बदलू नकोस. नवीन फेसवॉश आधी कानामागे दोन-तीन दिवस लावून बघ. क्रीम लावताना होणारी चुरचुर कमी झाली की समज, ताळ्यावर येतंय. फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारची हवा आणखी कोरडी होते, तेव्हा यातलं काही सोडू नकोस. पावसाळ्यात क्रीमऐवजी हलकं लोशन चालेल.

आताच्या फेसवॉशच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव, नावं मी वाचून सांगतो. काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
समीर