हरणांसाठी पेरलेले वावर

मिशिगन, २५ ऑगस्ट

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. रोही आणि रानडुकरांपासून सोयाबीन वाचवण्यासाठी तुम्ही मचाणावर रात्र काढता आणि मी मात्र हरणांनी यावे म्हणून ट्रॅक्टर चालवतो, यावर तू जे काही लिहिले आहेस ते घरात सर्वांना मोठ्याने वाचून दाखवले. पण थट्टा करता करता तू शेतकऱ्याचा प्रश्नही विचारलास, की झाडीतल्या एवढ्याशा तुकड्यात रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारे अवजार, चालतो कसा आणि त्यावर टाकलेले बारीक बी उगवते तरी का. त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे.

आमच्या शेजारच्या आजोबांचे ४० एकरांचे रान आहे, ओक आणि मेपलच्या झाडीचे. त्यात मधोमध सुमारे २० गुंठ्यांची मोकळी जागा आहे. येथील पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार परवाना काढून कायदेशीरपणे करता येते आणि बंदुकीचा मुख्य हंगाम १५ ते ३० नोव्हेंबर असा असतो. पूर्वी लोक मका किंवा गाजरांचे ढीग टाकून हरणांना बोलावत असत. २०१५ मध्ये येथील रानटी हरणांत मेंदू पोखरणारा एक असाध्य रोग सापडला. तो लाळेतून पसरतो आणि ढिगावर तर तोंडाला तोंड लागते, म्हणून राज्याच्या दक्षिणेकडील द्वीपकल्पात २०१९ पासून असे ढीग टाकण्यास बंदी आहे. पेरलेल्या पिकाला मात्र नाही, म्हणून आजोबा त्या मोकळ्या जागेत हरणांसाठी पीक पेरतात. मी स्वतः शिकार करीत नाही आणि करणारही नाही. आजोबांचे गुडघे आता साथ देत नाहीत, म्हणून ट्रॅक्टरवर मी बसतो, आणि खरे सांगायचे तर मला ते मनापासून आवडते.

ट्रॅक्टर ३५ अश्वशक्तीचा, लहानसा, आणि मागचा रोटाव्हेटर पाच फुटी आहे. रुंदी एवढी हवी, की मागच्या चाकांचे माग त्याखाली पुसले जावेत. नाही तर दाबलेले दोन पट्टे तसेच राहतात. पीटीओ, म्हणजे मागचे अवजार फिरवणारा ट्रॅक्टरचा दांडा, मिनिटाला ५४० फेऱ्यांवर आणि गिअर सर्वांत हळू. येथील जमीन तुझ्या काळ्या मातीसारखी नाही. हिमयुगातल्या हिमनद्यांनी आणून टाकलेले गोटे तिच्यात ठायी ठायी आहेत, आणि दर हिवाळ्यात जमीन गोठली की खालचे काही गोटे वर येतात. म्हणून रोटाव्हेटरला स्लिप क्लच असणे फार मोलाचे; पाते गोट्यावर अडकले तर क्लच सरकतो आणि गिअरबॉक्स वाचतो. पहिली पाळी उथळ, दुसरी थोडी खोल, असे केले म्हणजे यंत्रावर एकदम भार येत नाही. वाफशाचा, म्हणजे मशागतीला योग्य ओलाव्याचा, नियम मात्र दोन्हीकडे एकच आहे. ओल्यात रोटाव्हेटर घातला, तर वरून माती सुरेख भुसभुशीत दिसते आणि पात्यांच्या तळाशी घट्ट थर बसतो, ज्यातून मुळे खाली जात नाहीत.

तणाची गोष्ट तुला लगेच पटेल. येथे क्वॅकग्रास नावाचे गवत आहे, जमिनीखाली पांढऱ्या कांड्यांनी पसरणारे, थेट आपल्या हराळीच्या स्वभावाचे. रोटाव्हेटरने त्याचे तुकडे केले, की प्रत्येक पेरापासून नवे रोप उठते आणि आपणच त्याची लागवड केल्यासारखे होते. त्यामुळे आधी तणनाशक मारून दोन आठवडे थांबावे लागते. तरीही मेलेल्या मुळ्यांचे जाड वेटोळे शाफ्टभोवती गुंडाळले जातेच. मग इंजिन बंद करून, किल्ली खिशात टाकून, खाली वाकून सुरीने ते कापत बसायचे. ओल्या मातीचा आणि कुजक्या मुळांचा वास हाताला दिवसभर राहतो.

आता तुझा मुख्य प्रश्न. रोटाव्हेटरने केलेली जमीन गव्हाला चालेल, पण क्लोव्हरला ती फार पोकळ असते. क्लोव्हर म्हणजे आपल्या बरसीम या चारापिकाचा भाऊबंद. त्याचे बी खसखशीहून थोडेसेच मोठे आणि पाव इंचापेक्षा खोल गेले तर वर येत नाही. म्हणून पेरणीआधी लोखंडी रोलर फिरवायचा, इतका, की बुटाचा ठसा जेमतेम अर्धा इंच उमटावा. मग रायझोबियम (मुळांवर गाठी करून पिकाला हवेतला नत्र मिळवून देणारे जिवाणू) लावलेले बी एकरी साडेतीन-चार किलो या हिशोबाने फेकायचे आणि पुन्हा रोलर. माझ्या मते या कामात रोटाव्हेटरपेक्षा रोलरचे महत्त्व अधिक आहे. पण पाती फिरताना पाहण्यात जी मौज आहे ती रोलरमागे नाही, म्हणून लोक तिथेच आळस करतात. जमिनीचा सामू (आंबटपणाचे माप, पीएच) साडेसहाच्या आसपास हवा. झाडीतली माती आंबट निघते. चुना टाकला नाही तर बाकीचा खर्च पाण्यात.

या वर्षी अर्ध्या भागात क्लोव्हर आणि अर्ध्यात सलगम व मुळा घेतला आहे. कडक थंडी पडली की सलगमाच्या पानांत साखर वाढते आणि तोवर फारसे तोंड न लावणारी हरणे त्यावर तुटून पडतात. आजोबांनी क्लोव्हरमध्ये तारेच्या जाळीचा एक गोल पिंजरा उभा केला आहे. जाळीच्या आत पीक पोटरीपर्यंत आले आहे, बाहेर घोट्याएवढेच. हरणे किती खातात हे त्यावरून कळते. जाळी नसती तर पीक उगवलेच नाही असे वाटले असते.

पुढच्या वेळी मात्र या तुकड्यात रोटाव्हेटर घालू नये असे माझे मत आहे. दर वर्षी माती उलथली तर खाली झोपलेले तणाचे बी वर येते. त्याऐवजी मार्चमध्ये, जेव्हा जमीन रात्री गोठते आणि दिवसा वितळते, तेव्हा विरळ जागी क्लोव्हरचे बी नुसते फेकायचे. भेगा उघडझाप करतात आणि बी आपोआप मातीत जाते. आजोबांना हे पटत नाही. त्यांना ट्रॅक्टरचा आवाज हवा असतो.

तुझ्या रोटाव्हेटरला एल आकाराची पाती आहेत की सी आकाराची, आणि हराळीच्या वावरात तू तो घालतोस की आधी वखराने काशा वेचून काढतोस, हे सवडीने कळव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच मित्र