अण्णा, तो शब्द मला ऐकू आला नाही

ती. अण्णा,
सा. न. वि. वि.

आमच्या रात्रशाळेत येऊन नाटक वाचून घेतलंत, त्याबद्दलच्या शाल-नारळाला तुम्ही नाही म्हणालात. पाकीट पुढे केलं तर ते माझ्याच शर्टाच्या खिशात कोंबलंत आणि "मास्तर, पोरांना वडापाव द्या" म्हणत जिना उतरून गेलात. म्हणून आता हे चारचौघांत लिहितोय. तुम्ही स्वतः काही वाचणार नाही, नात वाचून दाखवेल. तिला माझा निरोप: आजोबा मधेच "पुरे" म्हणाले तरी थांबायचं नाही.

आमची रात्रशाळा तुम्ही पाहिलीत. घंटा साडेसहाला होते, वर्ग भरतो लोकल मिळेल तसा, सव्वासातपर्यंत. कुणी दिवसभर पार्सलं पोचवून आलेला, कुणी मॉलच्या फरश्या पुसून. एक जण डोक्यावरचं हेल्मेट काढायचंच विसरतो. असल्या वर्गात राम गणेश गडकऱ्यांचं दारूवरचं नाटक 'एकच प्याला' पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचं मी ठरवलं, तेव्हा वरून एकच प्रश्न आला, "परीक्षेला आहे का?" नाही म्हटल्यावर विचारणाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्याकडून झालेली मदत एवढीच.

तुमच्या आधी दोघांना बोलावलं होतं, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. पहिले नाव मोठं असलेले दिग्दर्शक. "गाडी पाठवाल ना?" असं त्यांनी दोनदा विचारलं. आम्ही टॅक्सीचे पैसे गोळा केले, पोरांनी फळ्यावर रंगीत खडूनं स्वागत लिहिलं, आणि साडेआठपर्यंत फोन बंद. तिसरी घंटा होऊन गेली, पडदा काही उघडला नाही. दुसरे आले, वेळेवर आले, लॅपटॉप घेऊन आले. ॲरिस्टॉटल, हॅमर्शिया म्हणजे नायकाची घातक चूक, कॅथार्सिस म्हणजे भावनांचा निचरा. पन्नास मिनिटांत गडकऱ्यांचं एक वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नाही. आमच्या हेल्मेटवाल्यानं वहीत हॅमर्शियाच्या जागी 'हमरस्ता' लिहून घेतलं. तसं बघितलं तर नाटकातला वकील सुधाकर दारूपायी गेला तो हमरस्त्यानंच, आडवाटेला कुठे गेला? पण ते त्या पाहुण्यांनी सांगायला हवं होतं.

तिसरा नापास मी. वीस वर्षं मी 'शोकांतिकेची लक्षणं' सांगून उतरवून घेतोय. नायकाच्या स्वभावातला दोष, विनोदाचा उतारा, नाट्यपूर्ण विरोधाभास, खाली अधोरेखा. पोरं लिहितात, मी तपासतो. त्या कागदावर सुधाकरची बायको सिंधू कधी रडली नाही.

मग आमच्या शिपायानं तुमचं नाव काढलं. गिरणीच्या नाट्यमंडळात हे विंगेत असायचे, म्हणाला. संपानंतर गिरणी गेली, मंडळ गेलं, पण यांना अजून नाटकं पाठ आहेत. तुम्ही आलात तेव्हा खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत खाकी कव्हर घातलेली नाटकाची प्रत. "मी नट नाही, प्रॉम्प्टर आहे," हे तुमचं पहिलं वाक्य. प्रॉम्प्टर म्हणजे काय, हे वर्गात कुणालाच माहीत नव्हतं. तुम्ही म्हणालात, "नट अडला की विंगेतून ओळ देतो, आणि ज्याचा आवाज पहिल्या रांगेला ऐकू गेला तर तो नापास, तो."

नंतर तुम्ही पाण्याच्या पिंपावरचा स्टीलचा पेला आणायला सांगितलात. पोचे आलेला, साखळीची कडी तशीच लोंबणारी. तो टेबलावर ठेवलात आणि एकेकाला 'एकच' म्हणायला लावलंत. सगळे खलनायकासारखे ओरडले. तुम्ही मान हलवत राहिलात. "सनद गेलेला मानी वकील समोर बसलाय. डोकं फुटायची वेळ आलीय. त्याला पहिला पेला देणारा तळीराम काय त्याच्यावर ओरडेल? औषध देतो तसं म्हणतो तो. मायेनं." आणि तुम्ही म्हणून दाखवलंत. इतक्या मऊ आवाजात की मला स्वतःला तो पेला उचलावासा वाटला. पुढे प्रत्येक अंकात तो पेला तुम्ही टेबलावर थोडा थोडा सुधाकर वाचणाऱ्या मुलाकडे सरकवत गेलात. बोललात काहीच नाही. शेवटी पेला त्याच्या हाताला टेकला आणि आत आता विष आहे म्हटल्यावर त्यानं हात मागे घेतला. शब्द तोच, पेला तोच. पहिल्यांदा 'एकच'चा अर्थ 'एकानं काय होतंय', शेवटी अर्थ 'आता दुसरा नाही'. शीर्षकाची पुनरुक्ती हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, अण्णा.

विनोदाचंही तेच. आर्य मदिरा मंडळाच्या, म्हणजे नाटकातल्या दारुड्यांच्या, बैठकीला वर्ग खो खो हसत होता, शेजारच्या वर्गातून तक्रार आली. मी "शांत बसा" म्हणायला उठलो तर तुम्ही मला खाली बसवलंत. "हसू द्या. माणूस हसतो तेव्हा तोंड उघडं असतं. गडकरी त्याच वेळी आत कडू घास घालतात." आणि लगेच पानं उलटून सिंधूच्या जात्याशी नेलंत. हसण्याचा आवाज अजून खोलीत होता आणि इकडे वकिलाची बायको दुसऱ्याचं दळण दळत होती. भगीरथ वाचणाऱ्या मुलाला तुम्ही सुधाकरच्या समोर बसवलंत, बाजूला नाही. एक बाटलीतून बाहेर येतो, दुसरा आत जातो, दोघं एकमेकांना दिसायला हवेत, म्हणालात.

गडकऱ्यांच्या वाक्यांबद्दल तुम्ही बोललात ते कुठल्याच समीक्षेत मी वाचलेलं नाही. "लांब पल्ल्याची गाडी आहे. मधे थांबा नाही. श्वास डब्यात बसतानाच घ्यायचा." तुमच्या प्रतीत पेन्सिलीनं तिरक्या रेघा आहेत, त्या श्वासाच्या. फुल्या आहेत, त्या नट हमखास अडतो त्या जागांच्या. आणि गंमत म्हणजे विनोदाच्या पानांवर फुली जवळजवळ नाहीच.

नाटक लिहिणारा माणूस पहिल्या प्रयोगाला नव्हता, हेही तुम्ही सांगितलंत. २३ जानेवारी १९१९ला गडकरी सावनेरला गेले, वय अवघं ३३. पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीनं बडोद्याला पडदा वर केला. सुधाकर गणपतराव बोडस, सिंधू बालगंधर्व, आणि पदं वि. सी. गुर्जरांची. हेल्मेटवाला म्हणाला, "म्हणजे त्यांना कळलंच नाही नाटक चाललं की नाही?" तुम्ही म्हणालात, "विंगेतल्यालासुद्धा दिसत नाही रे फारसं. ऐकू येतं तेवढं पुरतं."

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं, ते.

पाचवा अंक. सिंधूचं वाचन आमच्याकडच्या एका बाईंकडे होतं. वय तिशीच्या पुढे, वर्गात शेवटच्या बाकावर बसतात, विचारल्याशिवाय बोलत नाहीत. एरवी सरळ, सपाट वाचतात, तुम्हालाही ते आवडलं होतं. प्रसंग तो: मूल गेलंय, सिंधू मरणाच्या दारात आहे, पोलीस विचारतायत, आणि नवऱ्याला वाचवायला ती खोटं सांगते, की आपणच पडलो. बाई तिथे आल्या आणि थांबल्या.

आधी मला वाटलं ओळ चुकली. मग त्यांचं बोट पाहिलं. ते बरोबर त्याच ओळीवर होतं, पण पुढे सरकत नव्हतं. सगळा वर्ग वळून त्यांच्याकडे बघायला लागला. मीही बघत होतो, अण्णा. मास्तरकीची खोड, माझ्या तोंडात तयारच होतं, "असू दे, दुसरं कोणीतरी वाचेल." चांगल्या मनानंच म्हणणार होतो. म्हटलं असतं तर त्या बाई दुसऱ्या दिवशी शाळेत आल्या नसत्या, हे आता कळतंय.

तुम्ही त्यांच्या मागे भिंतीला टेकून उभे होतात. तिथूनच तुम्ही शब्द दिलात. वाक्याचा पहिला शब्द, बहुतेक तोही अर्धाच. मी चार हातांवर होतो, मला ऐकू आला नाही. शेजारच्या बाकालाही नाही, मी नंतर विचारलं. फक्त त्यांना पोचला. त्यांनी वाक्य उचललं आणि शेवटपर्यंत नेलं, त्याच सपाट आवाजात. आणि तेवढ्या वेळात तुम्ही एकदाही त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाहीत. तुमची नजर पुस्तकात होती. आम्ही वीस जण बघत होतो, तुम्ही बघत नव्हतात.

मराठीत 'शब्द देणं' म्हणजे वचन देणं. निवडणुकीच्या दिवसांत आमच्या वस्तीत शब्दांचा पाऊस पडतो. तुमच्यासारखा शब्द दिलेला मी पहिल्यांदा पाहिला.

मदत करणारे पुष्कळ भेटतात हो. पण मदत करताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं, त्याला किती बरं वाटलं ते मोजायचं, जमलं तर फोटो काढायचा, याशिवाय मदत झाल्यासारखी वाटत नाही कुणाला. आमच्या शाळेला मागे एकांनी दहा पंखे दिले, त्यांच्या पात्यांवर देणाऱ्याचं नाव आहे. पंखा चालू केला की ते दिसेनासं होतं, म्हणून बहुधा ते अजून हळहळत असतील. अण्णा, तुमची मदत पंखा चालू असतानाची. आमची आई उसनं पीठ द्यायची ते पदराखालून, शेजारणीला दाराबाहेरच्यांनी बघू नये म्हणून. तुम्हाला बघून इतक्या वर्षांनी ते आठवलं.

नंतरची चर्चा तुम्हाला आठवत असेल. मी विचारलं, सिंधू खोटं का बोलते? पतिव्रता, त्याग, संस्कार अशी पाठ केलेली उत्तरं आली. शेवटच्या बाकावरून बाई म्हणाल्या, "तिनं चुकीचं केलं. खरं सांगायला पाहिजे होतं." वर्ग गप्प. मी तुमच्याकडे बघितलं, तर तुम्ही हात वर केलेत. "माझं काम ओळ द्यायचं. ओळ बरोबर की चूक ते ऐकणाऱ्यानं ठरवायचं." शंभर वर्षांपूर्वीच्या सिंधूशी भांडायची परवानगी तुम्ही दोन वाक्यांत देऊन टाकलीत. त्यानंतर अर्धा तास वर्ग जो भांडला! हेल्मेटवाला सुधाकरची बाजू घेत होता, त्याला दोघींनी मिळून गप्प केलं. शाळा सुटल्याची घंटा पहिल्यांदाच कुणाला ऐकू आली नाही.

बाईंच्या घरचं मी काही विचारलेलं नाही. तुमच्याकडे बघून शिकलो एवढं तरी. पुढच्या आठवड्यात त्या रोजच्यासारख्या आल्या, शेवटच्या बाकावर बसल्या.

एक कबुली द्यायची राहिली. तुमची प्रत त्या दिवशी टेबलावर विसरलात ती माझ्या कपाटात नाही. बाईंनी ती वाचायला मागितली आणि तुम्हाला न विचारता मी दिली. ती अजून त्यांच्याकडेच आहे. परवा म्हणत होत्या, रोज रात्री एकेक पान मोठ्यानं वाचते, रेघ आली की श्वास घेते. फुलीच्या जागी काय करायचं, हे त्यांनी मला विचारलं. मला सांगता आलं नाही. तुम्हीच एकदा येऊन सांगा. प्रतीची घाई नसेल तर मी ती परत मागत नाही.

आपला,
रात्रशाळेतला मराठीचा मास्तर

ता. क. पाकिटातल्या पैशांचे वडापाव आणले. चटणी कमी पडली.