डायनासोरच्या खेळात ‘कशावरून?’ला जागा द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कलावंत आत शिरून डायनासोरच्या मोठ्या बाहुल्या हलवतात, अशा ठिकठिकाणी फिरणाऱ्या खेळाबद्दल आपल्या दैनिकात आलेला मजकूर वाचला. सात वर्षांच्या नातीला घेऊन मी हा खेळ तिसऱ्या रांगेत बसून पाहिला आहे. चौतीस वर्षे मी शाळेत विज्ञान शिकवले, म्हणून हे पत्र.

आधी कलावंतांबद्दल. ट्रायसेराटॉप्स या तीन शिंगांच्या डायनासोरच्या पिल्लाच्या आत एकच माणूस होता आणि त्याचे पाय सरळ दिसत होते. तरी ते पिल्लू नातीच्या तळहाताशी येऊन थबकले, मान तिरकी करून पापणी लवली, तेव्हा तिने श्वास रोखून धरला. एवढे वजन अंगावर पेलून नुसत्या मानेच्या हालचालीतून भित्रेपणा दाखवायचा, ही मोठी कला आहे. तिला मनापासून दाद द्यायला हवी.

खटकले ते पुढे. पाठीवर हाडांच्या पाट्या असलेला स्टेगोसॉरस आणि प्रचंड मांसाहारी टी. रेक्स (टिरॅनोसॉरस रेक्स) यांची झुंज लावली होती. स्टेगोसॉरस सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा, टी. रेक्स ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी संपलेला. म्हणजे काळाच्या हिशेबात टी. रेक्स स्टेगोसॉरसला जेवढा जवळचा, त्याहून आपल्याला जवळचा! खेळातला व्हेलोसिरॅप्टर हा शिकारी डायनासोर माणसाहून उंच आणि उघड्या कातडीचा दाखवला होता. प्रत्यक्षात तो साधारण टर्की पक्ष्याएवढा. त्याच्या हाताच्या हाडावर पिसे रुजण्याच्या खुणा असल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले आहे. पिसे लावली असती तर मुले काही कमी खूश झाली नसती. डरकाळ्यांचेही तेच. हाडांवरून आवाज कळत नाही. पारवा चोच मिटून घुमतो, तसा खोल, दबका आवाज काही डायनासोर काढत असावेत, असे काही अभ्यासकांना वाटते. तो ऐकवला असता तर पुढच्या रांगेतली तीन-चार चिमुकली रडत बाहेर गेली नसती.

खेळ संपताना नातीने हात वर करून विचारले, “तो हिरवाच होता, हे कशावरून?” निवेदकाने “वेळ संपली” म्हणून संगीत सुरू केले. मला त्या क्षणी फार वाईट वाटले, कारण दीड तासात विचारला गेलेला सर्वांत चांगला प्रश्न तोच होता. आणि त्याला उत्तर आहे! चीनमध्ये सापडलेल्या सायनोसॉरोप्टेरिक्स या छोट्या डायनासोरच्या पिसांत रंगद्रव्याच्या सूक्ष्म कणांच्या खुणा मिळाल्या. त्यांवरून तो तांबूस होता आणि त्याच्या शेपटीवर पट्टे होते, असे २०१० साली मांडले गेले. बाकी बहुतेकांचे रंग अंदाजानेच दिले जातात. तसे सांगितल्याने खेळाची जादू कमी होत नाही.

अंदाज चुकूही शकतो. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस उद्यानात १८५४ साली इग्वानोडॉन या डायनासोरचे भव्य पुतळे उभारले, त्यांच्या नाकावर शिंग बसवले. पुढे १८७८ साली बेल्जियममधल्या बर्निसारच्या कोळशाच्या खाणीत त्याचे सांगाडे मिळू लागले आणि ते शिंग म्हणजे अंगठ्याचे टोकदार हाड होते, हे स्पष्ट झाले. चुकीच्या शिंगाचे ते पुतळे आजही तिथे उभे आहेत. ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगत असे. मुले लगेच आपापला अंगठा नाकावर धरून पाहत.

आयोजकांना माझी विनंती एवढीच, की शेवटची दहा मिनिटे प्रश्नांसाठी राखून ठेवा. आतल्या कलावंताला बाहेर येऊ द्या, जबडा आणि पापणी कशी हलते ते त्याला दाखवू द्या. शेजारी एखादा जाणकार उभा करा. कोणती गोष्ट हाडांवरून कळली आणि कोणती कल्पनेने भरली, ते तो सांगेल. अगदी लहान मुलांसाठी एखादा खेळ कमी आवाजात ठेवता आला तर त्यांच्या पालकांचीही सोय होईल.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका