हा कॉल रेकॉर्ड होतोय म्हणे, पण विचारलं कोणी?

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

मागे आपल्या शेती पानावर आवाजावर चालणाऱ्या ॲपचं कौतुक आलं होतं, शेतकऱ्याने फोनला नुसतं विचारायचं आणि फोन भाव, हवामान, फवारणी सगळं सांगणार. कौतुक खोटं नाही. २०१७ मधे गुगलने मराठीत बोलून टाइप करायची सोय दिली, आणि ज्यांना की-पॅडवर जोडाक्षर कधी जमलं नाही अशी माणसंसुद्धा आता रावेर-बुऱ्हाणपूरचे केळीचे भाव बोलून शोधतात. पण तो आवाज जातो कुठे आणि पुढे त्याचं काय करतात, हे त्या लेखात कुठेच नव्हतं, म्हणून हे पत्र.

माझं कृषी केंद्र आहे, बियाणं-खतं-औषधं विकतो, म्हणजे मी पण मार्केटिंगवाल्यांच्याच बाजूचा समजा. कंपनीचा माणूस आला की आधी मागतो ते शेतकऱ्यांचे मोबाईल नंबर. पूर्वी त्या नंबरवर एसएमएस यायचे, मग रेकॉर्ड केलेली टेप वाजायला लागली, आता मशीन चक्क बोलतं. गोड आवाजात विचारतं, 'नमस्कार, यंदा कपाशी किती एकर आहे तुमची? शेवटची फवारणी कशाची केली?' आमचे आप्पा लोक पहिले 'कोन शे भो?' करतात आणि मग समोर माणूसच आहे समजून सगळं सांगून बसतात, एकर, वाण, विहिरीला पाणी किती, पीककर्ज कोणत्या बँकेचं, पोरगं कुठे नोकरीला. मशीन ते सगळं टिपून घेतं आणि पुढचा फोन कोणत्या मालाचा करायचा ते त्यावरून ठरतं. सुरुवातीला हिंदीत नाहीतर इंग्रजीत भरभर एक वाक्य टाकलेलं असतं की हा कॉल रेकॉर्ड होऊ शकतो. झालं, घेतली परवानगी!

युरियाच्या गोणीसाठी माझ्याच दुकानात पॉस मशीनवर अंगठा लावावा लागतो, पण तिथे माणसाला कळतं तरी की आपण अंगठा देतोय. आवाजाचं तसं नाही. तो बोलता बोलता जातो. आणि काय बोलला ते ओळखणं वेगळं, कोण बोलला ते ओळखणं वेगळं. कोण बोलला ते ओळखायला आवाजाचा एक ठसाच तयार होतो आणि तो पासवर्डसारखा बदलून मिळत नाही. आपल्याकडच्या २०११ च्या आयटी नियमांनी बायोमेट्रिक म्हणून बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बुबुळांबरोबर आवाजाची ठेवणही धरली होती, म्हणजे सरकारला हे तेव्हापासून माहीत आहे. ब्रिटनमधे तर तिथल्या कर खात्यानेच फोन करणाऱ्या लोकांचे आवाज ओळखीसाठी साठवले होते, नीट संमती न घेता, आणि २०१९ मधे तिथल्या माहिती आयुक्तांनी सुमारे ५० लाख लोकांचे नमुने पुसायला लावले. त्यात आता नक्कल करायचं तंत्र आलंय, मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२३ मधे ३ सेकंदांच्या नमुन्यावरून आवाजाची नक्कल करून दाखवली, आणि हे कॉल तर चांगले पाच-पाच मिनिटं चालतात.

पारावर दुसरीच चर्चा असते, की आपण मोटारीबद्दल बोललो आणि लगेच मोबाईलवर मोटारीची जाहिरात आली, म्हणजे फोन चोरून ऐकतो. मला हे तेवढं पटत नाही. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या लोकांनी २०१८ मधे १७ हजारांवर ॲप तपासले, त्यांना गुपचूप आवाज पाठवणारं एकही सापडलं नाही (काही ॲप स्क्रीनचं रेकॉर्डिंग पाठवत होते, ते वेगळंच). आपण काय शोधतो, कुठे जातो, कोणाचे नंबर ठेवतो एवढ्यावर कंपन्यांचं काम भागतं. पण बोलून चालणारा फोन किंवा स्पीकर चुकून जागा होणं आणि त्याचं रेकॉर्डिंग परक्या माणसाने ऐकणं हे घडलेलं आहे, २०१९ मधे ॲपलची सिरी आणि गुगल दोघांच्याही बाबतीत ते बाहेर आलं. ॲमेझॉनच्या स्पीकरमधून बोलणाऱ्या ॲलेक्साने मुलांचे आवाज साठवून ठेवले म्हणून २०२३ मधे ॲमेझॉनने अमेरिकेत अडीच कोटी डॉलर दंड भरायचं कबूल केलं, आणि त्यांच्याच इको स्पीकरच्या काही मॉडेलवर रेकॉर्डिंग बाहेर न पाठवायचा जो पर्याय होता तो मार्च २०२५ मधे काढूनच टाकला. जळगावात वाढदिवसाला पोरांना असला स्पीकर देणाऱ्यांनी एवढं तरी माहीत असू द्यावं.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. २०१७ मधे सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क म्हणून सांगितला, २०२३ मधे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मधे नियम निघाले. पण कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला तिथून दीड वर्षाची मुदत दिलीय आणि तोवर जेवढं गोळा करता येईल तेवढं करून घ्या असाच सगळा प्रकार दिसतो. याच कायद्यात लिहिलंय की माहिती कशासाठी घेताय ते राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या २२ पैकी हव्या त्या भाषेत सांगायची सोय पाहिजे. आमची आहिराणी बोली त्या यादीत नाही, ते रडगाणं वेगळं, पण मराठी तर आहे ना! मग मशीनने आधी मराठीत सांगावं की मी मशीन आहे, तुमचा आवाज अमुक कामासाठी ठेवणार, चालेल का, आणि समोरचा नाही म्हटला तर फोन ठेवून द्यावा. मी तर माझ्याकडे येणाऱ्या कंपनीवाल्यांना नंबर देणं बंद केलंय, त्यावर एकाने स्कीममधून नाव काढायची धमकी पण देऊन पाहिली. बाकी दुकानदारांनीही द्यायचे थांबवले तर यांना आपोआप विचारून घ्यावं लागेल. १९०९ वर डीएनडी (जाहिरातीचे कॉल नकोत अशी नोंद) लावून ठेवाच, पण हे कॉल साध्या दहा आकडी नंबरवरून येतात, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नका.

एक आपल्यासाठी पण. आपल्या पेपरच्या ॲपमधे बातमी बोलून शोधायचं माइकचं बटण आलंय. ते रेकॉर्डिंग कोणाकडे जातं आणि किती दिवस राहतं हे मला ॲपमधे कुठे सापडलं नाही. या पत्राखाली दोन ओळींत छापाल का?

– एक कृषी केंद्रवाला, चोपडा तालुका, जि. जळगाव