डेटा लेअरच्या सदोष जोडणीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: गूगल अॅनालिटिक्सच्या नमुन्यातील विक्रीची माहिती अॅडोबी अॅनालिटिक्समध्ये चुकीची पोहोचत असल्याबाबत.

महोदय/महोदया,

स्टीलच्या भांड्यांची ऑनलाइन विक्री करणाऱ्या आमच्या कंपनीने आपली जोडणी सेवा वार्षिक शुल्क भरून घेतली आहे. आमच्या संकेतस्थळाचा डेटा लेअर, म्हणजे विक्री व भेटींची माहिती मोजणी साधनांसाठी ठरावीक रचनेत मांडणारा भाग, गूगल अॅनालिटिक्स ४ च्या नमुन्यानुसार बांधलेला असून, तीच माहिती अॅडोबी अॅनालिटिक्स या दुसऱ्या मोजणी साधनाला समजेल अशा रूपात पाठवणे एवढेच काम आपल्याकडे होते.

गेली तिमाही गूगलमधील विक्री आमच्या बिलांशी जवळपास जुळते, अॅडोबीतील मात्र बरीच कमी दिसते. एकच नग असलेल्या ऑर्डरी दोन्हीकडे सारख्या आणि एकाहून अधिक नगांच्या तेवढ्या चुकीच्या, हे लक्षात आल्यावर कारण शोधणे अवघड गेले नाही. गूगलच्या नमुन्यात ‘प्राइस’ म्हणजे एका नगाची किंमत असते आणि नगसंख्या वेगळी दिली जाते. अॅडोबीच्या ‘प्रॉडक्ट्स’ या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये मात्र किमतीच्या जागी त्या वस्तूच्या सर्व नगांची एकूण रक्कम अपेक्षित असते. आपली जोडणी गुणाकार न करता पहिला आकडा जसाच्या तसा दुसऱ्या जागी ठेवते. त्यामुळे ४५० रुपयांची सहा ताटे विकली गेली, तरी अॅडोबीत २,७०० ऐवजी ४५० रुपयेच नोंदले जातात.

यावर आपल्या प्रतिनिधींनी दोनदा एकच उत्तर पाठवले, की दोन साधनांच्या आकड्यांत थोडाफार फरक असतोच. भेटींच्या संख्येबाबत ते मला मान्य आहे, कारण त्या मोजण्याच्या पद्धतीच वेगळ्या आहेत. परंतु ठरावीक ऑर्डरीची रक्कम दर वेळी नगसंख्येच्या पटीतच कमी भरत असेल, तर त्याला फरक नव्हे, चूक म्हणतात.

नवी माहिती भरण्यापूर्वी डेटा लेअरच्या ‘इकॉमर्स’ या विक्रीविषयक भागातील जुनी माहिती रिकामी करावी, ही सूचनाही आपल्या मार्गदर्शिकेत नाही. आमचे संकेतस्थळ पान बदलताना नव्याने लोड होत नसल्याने, आधी पाहिलेल्या वस्तू काही वेळा खरेदीच्या नोंदीत उतरल्या. अर्थात ही खबरदारी आम्हीही घ्यायला हवी होती, त्यामुळे तिच्यासाठी भरपाई मागत नाही.

ही चूक पंधरा दिवसांत दुरुस्त करावी, तिची सुरुवात कोणत्या आवृत्तीपासून झाली ते लेखी कळवावे आणि या तिमाहीचे शुल्क परत करावे. पडताळणीसाठी पन्नास ऑर्डरींचा तक्ता, ग्राहकांचे तपशील वगळून, सोबत जोडला आहे.

आपली विश्वासू,
विश्लेषण विभाग प्रमुख