मातृभाषेचा रकाना नुसता भरण्यापुरताच आहे का?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

शाळांचे प्रवेश सुरू आहेत म्हणून हे पत्र. प्रवेश अर्जात 'मातृभाषा' असा एक रकाना असतो. सरकारच्या यू-डायस प्लस पोर्टलवर मुलाची माहिती चढवतानाही तो विचारला जातो. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात तो कसा भरतात ते सांगते. वडील पाळीला गेलेले, आई अर्ज घेऊन खिडकीशी उभी. कारकून विचारतात, "मराठीच ना?" आई मान डोलावते. घरात सगळा संसार तेलुगूत चालतो, पण तसं सांगितलं तर प्रवेश अडेल की काय, अशी तिला धास्ती. झालं, मूल कागदावर मराठी झालं! खरं लिहिलं असतं तरी काय फरक पडला असता म्हणा. पुढे सात-आठ वर्षांत त्या रकान्याकडे वर्गावरचं कोणी ढुंकूनही बघत नाही.

मी दत्त नगरच्या बाजूला घरीच शिकवणी घेते, पहिली ते सातवी. माझं घर तेलुगू, शिक्षण मराठीतून आणि पोट इंग्रजीवर. सोलापूरकराला यात नवल वाटायचं कारण नाही. इथं गल्ली बदलली की भाषा बदलते. महापालिकेच्या शाळासुद्धा मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा आहेत. पण आता विड्या वळणाऱ्या आईलाही पोर इंग्रजी शाळेतच घालायचं असतं, आणि तिला नावं ठेवणारी मी कोण? माझं म्हणणं एवढंच की ही मुलं अजून इंग्रजी शिकताहेत हे शाळेनं पहिल्या दिवसापासून धरून चालावं. होतं काय, की इंग्रजी येतंच असं समजून सगळे विषय त्यातून शिकवतात, आणि परीक्षेत कोरा कागद आला की मुलाला कच्चं ठरवतात.

माझ्याकडे तिसरीतली एक मुलगी येते. वडील यंत्रमागावर, आई विडी कामगार. सहामाहीत गणिताचा पेपर जवळजवळ कोरा. त्यातलंच एक शाब्दिक उदाहरण मी तिला तेलुगूत घातलं : चोवीस केळी सहा माकडांना सारखी वाटायची, तर एकेकाला किती? माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ती म्हणाली, "नालुगु." चार. मग तो पेपर तपासत काय होता, भागाकार की इंग्रजी? बाईंनी शून्य दिलं ते कशाचं?

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पालकसभेत तिच्या आईला सांगण्यात आलं, "मुलगी वर्गात बोलतच नाही, एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या." त्या बाईनं दिवसाची मजुरी बुडवून पोरीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हणून परत पाठवलं. माझ्याकडे हीच मुलगी इतकी बडबडते की तिला वेगळं बसवावं लागतं. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण अशी एकच शाळा नाही.

माझी धाकटी बहीण कॅलिफोर्नियात असते. तिच्या मुलाला तिथं शाळेत घातलं तेव्हा हातात पहिला कागद आला तो घरच्या भाषेचा. त्यात चार प्रश्न. मूल बोलायला लागलं ते कोणत्या भाषेत, घरी ते जास्त कोणती भाषा बोलतं, आईवडील त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलतात, घरातली मोठी माणसं आपसांत कोणती बोलतात. बहिणीनं मला फोन केला, "अक्का, तेलुगू लिहिलं तर याला खालच्या वर्गात टाकतील का?" खिडकीशी उभ्या असलेल्या आईची जी धास्ती, तीच हिची. मी म्हटलं, खरं ते लिही.

तिथल्या नियमाप्रमाणे इंग्रजीखेरीज दुसरी भाषा दिसली की शाळेला प्रवेशापासून तीस दिवसांत मुलाची इंग्रजीची चाचणी घ्यावी लागते. तिला एल्पॅक म्हणतात. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं, चारही तपासतात. तोंडी भाषेचा निकाल वेगळा आणि लेखी भाषेचा वेगळा, आणि तो पालकांना लेखी कळवतात. आमच्या भाच्याचं लेखी बरं निघालं, तोंडी अगदीच लंगडं. याच मुलाला सोलापुरातल्या शाळेत इंग्रजीला 'ए' होता! फळ्यावरचं उतरवून काढण्यात तो पटाईत, पण वाक्य बोलायची वेळ त्याच्यावर इथं कधी आलीच नव्हती.

ही पद्धत तिथं आपोआप आलेली नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी भाषक मुलांच्या पालकांनी खटला लढवला आणि १९७४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की, ज्यांना इंग्रजी समजत नाही त्यांना इतरांसारखीच पुस्तकं आणि तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली असं नाही. नुसतं इंग्रजी कमी येतं म्हणून मुलाला अपंगत्व आहे असं ठरवायला तिथला कायदा मनाई करतो. दवाखान्याची गोष्ट मी एवढ्यासाठीच सांगितली. अर्थात तिथंही सगळं गोड नाही. कितीतरी मुलं सहा-सहा वर्षं 'इंग्रजी शिकणारा' या शिक्क्याखाली अडकून पडतात. शिक्का लावणं सोपं, काढणं अवघड. म्हणून तो काढायच्या अटीही ठरलेल्या आहेत : चाचणीचा निकाल, शिक्षकांचं मत, पालकांशी चर्चा. शिक्का निघाल्यावरही चार वर्षं मुलाकडे लक्ष ठेवतात.

आपल्याकडे लगेच कोणी म्हणेल, मग आपणही प्रवेशाच्या वेळी चाचणी घेऊ. नको! शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नं प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. तरी 'मुलाशी जरा गप्पा मारतो' म्हणून मुलाखती चालतात. मार्च आला की साडेतीन वर्षांच्या पोरांना 'माय नेम इज' घोटून घ्या म्हणत आया माझ्या दारात येतात. चाचणी घ्यायची ती प्रवेश पक्का झाल्यावर, मुलाला आत घेऊन, त्याला काय द्यायचं ते ठरवण्यासाठी.

त्याला खर्च लागत नाही. मुलांना वाचन-गणित कितपत येतं हे गावोगाव बघणारी 'असर' नावाची पाहणी आहे, तिच्यात इंग्रजी वाचन कसं तपासतात ते शिक्षकांनी बघावं. एका वेळी एक मूल. मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, सोपे शब्द, सोपी वाक्यं. वाचता आलं तर अर्थ विचारायचा, आणि तो मुलानं आपल्या भाषेत सांगितला तरी चालतो. मला ही शेवटची गोष्ट फार मोलाची वाटते. त्याला ऐकण्या-बोलण्याचे दोन-चार प्रश्न जोडले की मुलामागे पाच-दहा मिनिटांचं काम. वर्गात साठ मुलं आणि बाईंचा पगार तुटपुंजा, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच आधी मातृभाषेचा रकाना खरा भरा, म्हणजे साठांतली कोणती मुलं आधी बघायची ते कळेल. २०१० पासून राज्यात आकारिक मूल्यमापन, म्हणजे वर्षभर वर्गातच चालणारं मूल्यमापन आहे, त्यात तोंडी कामाला जागा आहे. गणिताचं उदाहरण मुलाला त्याच्या भाषेत विचारून बघायला कोणत्या नव्या शासन निर्णयाची गरज आहे? बाईंना तेलुगू येत नसेल तर वर्गातली शेजारची मुलगी सांगेल. आमच्या भागात दुभाषे पैशाला पासरी मिळतात.

महापालिकेच्या शिक्षण विभागानं येत्या जूनमध्ये शहरातल्या इंग्रजी शाळांना एवढं तरी विचारावं : तुमच्या पहिलीत किती मुलांच्या घरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलतात, आणि हा आकडा वर्गशिक्षिकेला माहीत आहे का? पालकांना माझं सांगणं, कारकुनानं "मराठीच ना?" म्हटलं की घरात जे बोलता ते मोठ्यानं सांगा आणि लिहिलेलं वाचून बघा. प्रगतिपुस्तक घेताना ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं यांचं वेगवेगळं विचारा. बाई चिडतील, चिडू देत.

आपली,
एक शिकवणीवाली, पूर्व भाग, सोलापूर

(कृपया नाव छापू नये. वर सांगितलेल्या शाळेतली निम्मी मुलं माझ्याकडेच येतात.)